उजेड आत, पाणी बाहेर: फ्रँक लॉइड राइट यांना आयुष्यभर पुरलेलं कोडं

आधी एक छोटा प्रयोग. खोलीत अंधार करा, मोबाइलचा टॉर्च लावा आणि फोन टेबलावर ठेवा. छतावर मधोमध एक झगझगीत गोल दिसेल, बाकी सगळं काळोखात. आता टॉर्चवर दुधी रंगाचा प्लास्टिकचा डबा पालथा घाला. टॉर्च तोच, बॅटरीही तेवढीच जातेय, पण उजेड खोलीभर पसरला आणि डोळ्यांत घुसायचा थांबला. हाच डिफ्यूज, म्हणजे विखुरलेला उजेड.

हाच डबा अख्ख्या बिल्डिंगला घालायचा म्हटलं तर? मी ज्या ऑफिसात काम करतो त्याची एक बाजू पूर्ण काचेची आहे. दिसायला भारी. पण सकाळी अकराच्या सुमाराला स्क्रीनवर ऊन येतं, मग सगळे ब्लाइंड्स खाली आणि डोक्यावरचे एलईडी चालू. म्हणजे उजेडासाठी काच लावली, ऊन नको म्हणून ती झाकली, आणि उजेडासाठी पुन्हा वीज जाळली. रोज हेच चालतं.

यावर आज एक उपाय मिळतो. अर्धपारदर्शक इन्सुलेटेड पॅनल. त्यातून पलीकडचं काही दिसत नाही, पण मऊ उजेड आत येतो आणि उष्णता बऱ्यापैकी अडते. हा उपाय तयार होण्याच्या खूप आधी एक माणूस त्याच्या मागे लागला होता. त्याने तो जवळपास गाठलाही. मात्र गाठताना एका कंपनीच्या कर्मचाऱ्यांच्या टेबलांवर पावसाचं पाणी टपकवलं. अमेरिकेचे सर्वांत प्रसिद्ध आर्किटेक्ट फ्रँक लॉइड राइट यांची ही गोष्ट.

डिग्री नाही, पण पेटंट ४१

राइट यांचा जन्म ८ जून १८६७ चा, विस्कॉन्सिन राज्यातल्या रिचलंड सेंटर गावातला. (पुढे ते स्वतः १८६९ सांगायचे. दोन वर्षं कमी करण्याची हौस तेव्हाही होती.) वडील धर्मोपदेशक आणि संगीताचे जाणकार, आई ॲना शिक्षिका. आईने १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात फ्रोबेलचे लाकडी ठोकळे पाहिले आणि मुलासाठी आणले. चौकोन, गोल, त्रिकोण मांडत बसायची ही सवय राइट यांनी शेवटपर्यंत सोडली नाही.

आईवडील वेगळे झाले, पैशांची ओढाताण सुरू झाली. राइट यांनी मॅडिसनच्या विद्यापीठात थोडा काळ इंजिनिअरिंगचे विषय घेतले आणि डिग्री न घेताच १८८७ मध्ये शिकागो गाठलं. तिथे अ‍ॅडलर आणि सलिव्हन या मोठ्या फर्ममध्ये लागले. लुई सलिव्हन यांना ते गुरू मानायचे, पण करार मोडून चोरून बाहेरची घरं डिझाइन करताना सापडले आणि १८९३ मध्ये नोकरी गेली. आजच्या भाषेत मूनलाइटिंग. मग स्वतःचं काम सुरू केलं.

आपल्या विषयाची सुरुवात १८९७ मध्ये होते. तेव्हा विजेचे दिवे महाग होते आणि शहरातली दुकानं लांबट, खोल. समोरच्या खिडकीतून येणारा उजेड पहिल्या काही फुटांतच संपायचा, मागे दिवसाही अंधार. शिकागोच्या लक्सफर प्रिझम कंपनीने यावर तोड काढली होती. साधारण चार इंची चौकोनी काचेच्या फरशा, त्यांच्या एका बाजूला आडव्या प्रिझमच्या कडा. आकाशातून तिरका खाली येणारा उजेड या कडांमध्ये वळतो आणि जमिनीवर पडण्याऐवजी आडवा होऊन दुकानाच्या मागच्या टोकापर्यंत जातो. मोटर नाही, वीज नाही, फक्त काचेचा कोन. शाळेतल्या प्रिझमच्या धड्याचा इतका सरळ वापर मी तरी दुसरीकडे पाहिलेला नाही.

या फरशांच्या पुढच्या बाजूला नक्षी हवी होती आणि ते काम तिशीतल्या राइट यांच्याकडे आलं. त्यांच्या नावावर ४१ डिझाइन पेटंट निघाली. त्यांचं काम नक्षीपुरतंच होतं, प्रिझमचं विज्ञान कंपनीचं. पण खिडकी फक्त बाहेर बघायला नसते, उजेड कुठे न्यायचा हेही ती ठरवू शकते, ही गोष्ट त्यांच्या हातून इथे गेली.

त्यानंतरच्या त्यांच्या बिल्डिंग बघा, उजेड वरूनच येतो. बफेलोमधलं लार्किन कंपनीचं ऑफिस १९०६ मध्ये पूर्ण झालं. आजूबाजूला रेल्वेचा धूर आणि काजळी, म्हणून त्यांनी बाहेरच्या खिडक्या बंदच ठेवल्या आणि मधे पाच मजली उंच चौक सोडून वर काचेचं छप्पर दिलं. शिकागोजवळच्या ओक पार्कमधल्या युनिटी टेंपलमध्ये छतात २५ स्कायलाइट आहेत, पिवळसर काचेचे. बाहेर ढग असले तरी आत उन्हासारखा रंग येतो. १९०५ मध्ये ते जपानला जाऊन आले. तिथल्या घरांत लाकडी चौकटीवर कागद लावलेली सरकती दारं असतात, शोजी. कागदातून उजेड येतो, माणूस दिसत नाही. आपला दुधी डबाच.

मधली वीस-पंचवीस वर्षं

हा काळ मी पटकन सांगतो, कारण त्यावर वेगळी सिरीज निघेल. १९०९ मध्ये बायको आणि सहा मुलांना सोडून राइट हे मेमा चेनी या एका क्लायंटच्या पत्नीबरोबर युरोपला गेले. परत येऊन १९११ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये टॅलिएसिन हे घर बांधलं. १५ ऑगस्ट १९१४ रोजी राइट कामासाठी शिकागोत असताना तिथल्या एका नोकराने घराला आग लावली आणि कुऱ्हाडीने मेमा, तिची दोन मुलं आणि आणखी चौघांचा जीव घेतला. राइट यांनी ते घर पुन्हा बांधलं. १९२५ मध्ये ते पुन्हा जळालं, पुन्हा बांधलं. टोकियोचं त्यांचं इंपीरियल हॉटेल १९२३ च्या भूकंपात उभं राहिलं आणि जगभर नाव झालं, पण अमेरिकेत कामं आटली. कर्ज इतकं झालं की बँकेने टॅलिएसिन ताब्यात घेतलं. १९३२ मध्ये साठी ओलांडलेला हा माणूस फी घेऊन शिष्य ठेवत होता, कारण दुसरं उत्पन्न फारसं नव्हतं. अनेकांनी त्यांना संपलेलं धरलं होतं.

या वाईट काळातलं एक छोटं काम मात्र सांगायलाच हवं. १९२९ मध्ये ॲरिझोनाच्या वाळवंटात राइट आणि त्यांच्या मंडळींनी राहायला एक तात्पुरता कॅम्प उभारला, ओकाटिलो नावाचा. भिंती लाकडी फळ्यांच्या, वर पांढरं कॅनव्हास. बाहेर डोळे दिपवणारं ऊन आणि आत कापडातून गाळून आलेला शांत उजेड. या उजेडाच्या ते प्रेमातच पडले. साध्या काचेपेक्षा हे कितीतरी बरं, असं त्यांचं मत झालं. कापडाला इन्सुलेशन नसतं, ते फाटतं आणि गळतंही. त्याकडे तूर्त दुर्लक्ष.

रसीन, १९३६

जुलै १९३६ मध्ये हर्बर्ट जॉन्सन नावाचे तरुण मालक त्यांच्याकडे आले. लाकडी फरशीचं मेण बनवणारी कंपनी, गाव रसीन, राज्य विस्कॉन्सिन. (नाव ओळखीचं वाटलं? एस. सी. जॉन्सन. तुमच्या घरातलं डासांचं ऑल आउट आज याच कंपनीचं आहे.) त्यांना नवीन ऑफिस हवं होतं. राइट तेव्हा ६९ वर्षांचे.

जागेभोवती कारखाने आणि साधी घरं, बघण्यासारखं काही नाही. राइट यांनी ठरवलं की बाहेरचं दिसायलाच नको. एक प्रचंड मोठा हॉल, त्यात सगळे कर्मचारी, आणि उजेड वरून. छप्पर तोलायला कमळाच्या पानासारखे खांब. तळाशी फक्त ९ इंच रुंद आणि वर साडेअठरा फूट व्यासाची गोल थाळी. सरकारी अधिकाऱ्यांचा विश्वास बसेना. ४ जून १९३७ ला एक नमुना खांब उभा करून त्यावर वजन चढवलं गेलं. अट १२ टनांची होती, खांबाने ६० टन पेलले.

पण मला खांबांपेक्षा खांबांच्या मधल्या जागेत जास्त रस आहे. गोल थाळ्या शेजारी शेजारी ठेवल्या की मधे रिकामी जागा उरते. तिथून आकाश आत घ्यायचं. साधी काच लावली तर खाली उन्हाचे चट्टे पडणार, म्हणजे माझ्या ऑफिसातलाच प्रॉब्लेम. राइट यांनी वेगळी वस्तू निवडली, पायरेक्सच्या नळ्या. हो, लॅबमध्ये वापरतो तीच काच, कॉर्निंग कंपनीची. आत पोकळ अशा या नळ्या एकमेकींवर आडव्या रचल्या, ॲल्युमिनियमच्या मांडणीला तारेने बांधल्या आणि मधल्या फटी सीलंटने भरल्या. छपरात, आणि भिंतीच्या वरच्या पट्ट्यातही. एकूण ४३ मैल नळी, म्हणजे सुमारे ६९ किलोमीटर.

हे काम कसं करतं? नळीची काच स्वच्छ पारदर्शक आहे, दुधी नाही. पण किरण आधी बाहेरच्या गोलाईत वळतो, मग आतल्या पोकळीत, मग पुन्हा दोनदा. शेजारच्या किरणाला थोडा वेगळा कोन मिळतो, त्यामुळे तो वेगळ्या दिशेने जातो. शेकडो नळ्या ओळीने लावल्या की पलीकडचं दृश्य तुकडे तुकडे होऊन विरघळतं, उरतो फक्त उजेड. वर पोकळीतली हवा थोडंफार इन्सुलेशन देते, कारण अडकलेली हवा उष्णता सावकाश नेते. स्वेटर याच तत्त्वावर चालतो. नळ्यांच्या मागे विजेचे दिवे लपवले होते, म्हणजे संध्याकाळीही उजेड त्याच दिशेने यावा.

एप्रिल १९३९ मध्ये ऑफिस उघडलं. बजेट कुठल्या कुठे गेलं होतं, पण आत गेलेला माणूस वर बघत राहायचा. हॉलमध्ये पाण्याखाली असल्यासारखा शांत प्रकाश, टेबलांवर कडक सावल्या नाहीत. फोटोत आजही ते जाणवतं.

आणि मग पाऊस आला.

बग कुठे होता

नळ्या एकमेकींवर रचल्या की प्रत्येक दोन नळ्यांमध्ये एक सांधा येतो, जवळपास नळीच्याच लांबीचा. म्हणजे ६९ किलोमीटर नळीबरोबर कित्येक किलोमीटरची फट विकत घेतली. ती सगळी सीलंटने बंद ठेवायची, आणि तीही छपरात, जिथे पाणी वरून पडतं आणि बर्फ साचून राहतो. रसीनमध्ये हिवाळ्यात पारा शून्याच्या बराच खाली जातो, उन्हाळ्यात ऊन तापतं. पायरेक्स तापमानाने फारसं फुगत नाही, हाच तर त्याचा गुण. पण ॲल्युमिनियम बरंच फुगतं. दोघांच्या मधे अडकलेलं सीलंट रोज ताणलं जातं, दबलं जातं आणि शेवटी सुटतं. एखादी फट शोधून बुजवली की पाणी पुढच्या फटीतून येतं.

छप्पर गळायला लागलं आणि गळतच राहिलं. खाली टायपिंग करणाऱ्या मुली, कागद, फाइली, आणि वरून थेंब. टेबलाजवळ बादल्या ठेवाव्या लागायच्या. जॉन्सन यांच्या घराचं डिझाइनही राइट यांचंच, आणि तेही गळायचं. जेवणाच्या टेबलावर जॉन्सन यांच्या डोक्यावर पाणी पडू लागलं, त्यांनी चिडून राइट यांना फोन केला, तर राइट यांनी खुर्ची सरकवून घ्यायला सांगितलं, असा किस्सा आजही सांगतात. लोक तो हसत हसत सांगतात. मला हसू येत नाही. प्रॉडक्शनमध्ये बग आहे आणि डेव्हलपर युजरला म्हणतोय की ते बटण दाबू नका, असाच हा प्रकार.

पण एक गोष्ट राइट यांच्या बाजूने बोलायलाच हवी. त्यांना लागणारे दोन्ही पदार्थ तेव्हा लॅबमध्ये जन्मले होते, बाजारात पोहोचले नव्हते.

पहिला सिलिकॉन. आज बाथरूमच्या सिंकभोवती लावतो ते रबरासारखं सीलंट, जे थंडी, ऊन, ताण सगळं सोसतं. गंमत म्हणजे १९३० च्या दशकात त्यावर काम चालू होतं ते कॉर्निंगमध्येच, ज्या कंपनीने या नळ्या पुरवल्या. सिलिकॉन बनवणारी डाऊ कॉर्निंग कंपनी स्थापन झाली १९४३ मध्ये, ऑफिस उघडल्यानंतर चार वर्षांनी.

दुसरा एरोजेल. सॅम्युएल किस्लर या रसायनशास्त्रज्ञाने १९३१ मध्ये तो जगापुढे मांडला. जेलमधला द्रव अशा युक्तीने काढायचा की जाळी कोसळत नाही आणि तिथे हवा भरते. उरतो तो घन पदार्थ नव्वद टक्क्यांहून जास्त हवाच असतो. त्यातली छिद्रं इतकी बारीक की हवेच्या रेणूंना एकमेकांवर आपटून उष्णता पुढे द्यायला जागाच मिळत नाही. म्हणून तो स्थिर हवेपेक्षाही चांगला इन्सुलेटर आहे, आणि वर उजेडही जाऊ देतो. आजच्या चांगल्या अर्धपारदर्शक पॅनलमध्ये पॉलिकार्बोनेट किंवा फायबरग्लासच्या दोन पत्र्यांमध्ये या एरोजेलचे दाणे भरलेले असतात. साध्या एकेरी काचेतून एका चौरस मीटरमागे, आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना, साडेपाच वॅटच्या वर उष्णता निसटते. अशा पॅनलमधून एक वॅटहून कमी निसटू शकते. आणि पॅनल मोठं एकसंध असल्यामुळे सांधे मोजकेच. राइट यांच्या नळ्यांना हरवलं ते मुख्यतः याच मुद्द्याने.

तरीही ते थांबले नाहीत

जॉन्सन यांचं काम चालू असतानाच राइट यांना न्यूमोनियाने गाठलं. नंतर हिवाळा उबदार जागी काढायचा म्हणून त्यांनी ॲरिझोनात टॅलिएसिन वेस्ट उभारायला घेतलं. छपराला पुन्हा पांढरं कॅनव्हास! वाळवंटात ते काही काळ चाललं, पण कापड उन्हाने कुजायचं, पाऊस आत यायचा, आणि पुढे त्याच्या जागी दुसरी मटेरिअल्स आली.

बाकी कोणी असता तर जॉन्सन कंपनीने पुन्हा दारात उभं केलं नसतं. त्यांनी १९४४ मध्ये राइट यांनाच दुसरं काम दिलं, संशोधनासाठी टॉवर. १५ मजले, मधल्या एका खोडातून फांद्यांसारखे बाहेर आलेले, आणि बाहेरून पुन्हा पायरेक्सच्या नळ्या. तो १९५० मध्ये सुरू झाला. रात्री आत दिवे लागले की कंदिलासारखा दिसतो. पण आत काम करणाऱ्या केमिस्ट लोकांना उन्हाची चकाकी आणि उकाडा दोन्ही सोसावं लागलं. इथे एक गैरसमज काढून टाकू. उजेड विखुरला म्हणजे ऊर्जा कमी झाली असं नाही. टॉर्चवर डबा घातल्यावर चटका पसरतो, नाहीसा होत नाही. किती उजेड आत घ्यायचा हे वेगळं ठरवावं लागतं, आणि पूर्ण बिल्डिंगभर नळ्या लावताना राइट यांनी ते हिशेबात धरलं नाही, असं मला वाटतं. तरी रेड आणि ग्लेडसारखी प्रॉडक्ट याच टॉवरमध्ये तयार झाली.

१९५५ मध्ये न्यू हॅम्पशायरमध्ये कॅलवॉल नावाची कंपनी सुरू झाली. ॲल्युमिनियमच्या जाळीला दोन्ही बाजूंनी फायबरग्लासचे पत्रे चिकटवलेलं अर्धपारदर्शक पॅनल हे तिचं काम. राइट तेव्हा ८८ वर्षांचे होते आणि न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम म्युझियमसाठी भांडत होते. तिथेही मधे मोठा घुमट आणि गोल फिरत जाणाऱ्या भिंतींच्या वरच्या कडेला आकाशाचा उजेड आत घेणारी पट्टी. ९ एप्रिल १९५९ ला ॲरिझोनात फीनिक्सच्या हॉस्पिटलमध्ये राइट गेले. म्युझियम ऑक्टोबरमध्ये उघडलं, तोवर तिथल्या डायरेक्टरने चित्रांसाठी त्या पट्ट्या झाकून विजेचा उजेड लावला होता.

रसीनच्या ऑफिसात कंपनी अजूनही बसते. अनेक वर्षं सीलंट लावून दमल्यावर त्यांनी छपरातल्या वरच्या नळ्या बऱ्याचशा काढल्या आणि तिथे फायबरग्लासचे उतरते पत्रे व प्लेक्सिग्लास बसवलं. त्या प्लॅस्टिकवर गडद रेघा रंगवल्या आहेत, खालून बघणाऱ्याला नळ्यांचे सांधेच वाटावेत म्हणून. टॉवर १९८२ पासून बंद आहे, कारण एकच अरुंद जिना आणि आगीचे नियम. २०१४ पासून त्याचा काही भाग बघायला उघडला आहे. तिथे नळ्या अजून जागेवर आहेत.